गोळी का राहिली, हे आधी विचारा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एचआयव्हीच्या रोजच्या गोळीबद्दल आहेत. गंमत नाही, योगायोगही नाही. गोळी फुकट मिळते, एकच असते, तरी ती आयुष्यभर रोज घेणं किती अवघड जातं हे घेणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून यावेळचं सगळं सदर या पत्रांना दिलं आहे. जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, मी वर्षानुवर्षं समुपदेशक होते. तिथे जे पाहिलं, शिकले, त्यातून उत्तरं देते आहे. पत्रांमधली ओळख पटेल अशी प्रत्येक खूण काढून टाकली आहे.

ताई, माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. द्राक्षं, भाजीपाला भरून रात्री निघतो, पहाटे वाशीच्या मार्केटला उतरवतो. २०१८ साली त्याला एचआयव्ही निघाला. आईवडील नाहीत. घरात फक्त मला माहीत आहे. मी रोज रात्री नऊला फोन करून "घेतलीस का?" विचारते, तो "हो" म्हणतो. गेल्या महिन्यात त्याच्या नकळत मी डबीतल्या गोळ्या मोजल्या, तर महिना संपला तरी अकरा शिल्लक. व्हायरल लोडही (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) हजाराच्या वर आलाय. मी खूप ओरडले, रडले. आता तो माझा फोनच उचलत नाही. त्याला जगायचंच नाही का? — एक बहीण, सांगली जिल्हा

जगायचं नसतं, तर तो औषध आणायला केंद्रावर गेलाच नसता. अकरा उरल्या म्हणजे एकोणीस त्याने घेतल्या. ड्रायव्हरकी करत, कुणाला न सांगता, स्वतःच्या स्वतः घेतल्या. बोलायला सुरुवात करायची तर त्या एकोणीसपासून करा.

आता अकरा दिवसांचं. हे दिवस कुठले, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का? तुमच्या पत्रावरून मला एक शंका येते, ती खरी आहे का ते त्यालाच विचारून बघा. २०१८ मध्ये ज्यांचं औषध सुरू झालं त्यांच्यापैकी बहुतेकांना एफाविरेन्झ असलेली गोळी मिळायची. ती रात्री झोपताना घ्यायला सांगायचो, कारण घेतल्यावर डोकं गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची. रात्रपाळीचे वॉचमन, दवाखान्यातल्या रात्रीच्या नर्स, ड्रायव्हर, या सगळ्यांनी आपापला मार्ग काढला होता: ड्युटी असली की गोळी नाही. स्टिअरिंगवर चक्कर येण्यापेक्षा गोळी चुकलेली बरी, असा त्यांचा सरळ हिशोब होता. तो मूर्खपणाचा होता असं मला कधीच वाटलं नाही.

पुढे २०२०-२१ च्या सुमारास सरकारी कार्यक्रमात गोळी बदलली. आता बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रॅविर, तिन्ही एकाच गोळीत. तिला झोपेचं बंधन नाही, जेवणाचं नाही. सकाळी घेतली तरी चालते, उलट कुणाकुणाची झोप तिने उडते म्हणून आम्ही सकाळीच घ्या असं सांगतो. पण गोळी बदलली तरी "गाडी असली की नको" हा नेम मनात तसाच राहतो. किती ड्रायव्हरांना मी हे समजावलं असेल! केंद्रावर महिन्याच्या गर्दीत नवी डबी हातात पडते, वेळेबद्दल दोन वाक्यं कानावरून जातात, आणि माणूस जुन्याच सवयीने चालत राहतो. तुमच्या भावाला आत्ता कोणती गोळी आहे ते डबीवर बघा आणि वेळ सकाळची करता येईल का, ते त्याने केंद्रातल्या डॉक्टरांना विचारू दे.

नऊच्या फोनचं सांगते. "घेतलीस का?" या प्रश्नाला "हो" शिवाय उत्तरच नसतं. "नाही" म्हटलं की पुढे काय ऐकावं लागणार हे त्याला पाठ आहे. आणि नऊ वाजता तो बहुधा गाडीत असतो, शेजारी क्लीनर बसलेला असतो. त्याच्यासमोर तो काय बोलणार? त्याऐवजी घरी निवांत असताना असं विचारा: "मागच्या आठवड्यात कुठल्या दिवशी राहिली? त्या दिवशी तू कुठे होतास?" आणि त्याच्याही आधी सांगा की राहिली असली तरी मी चिडणार नाही. मग खरंच चिडू नका. पहिल्यांदा तो सांगणार नाही. दुसऱ्यांदा अर्धं सांगेल. कदाचित कळेल की डबी घरीच राहते, कारण खिशात ठेवली की गोळ्या खुळखुळतात. कदाचित कळेल की क्लीनर गाडीतला कप्पा उघडतो. कदाचित खेपेनंतर चार जण मिळून पितात आणि "प्यायल्यावर गोळी घेतली तर विष होतं" असं त्याला कुणीतरी सांगितलंय. या प्रत्येक अडचणीला वेगळा उपाय आहे. डबीत कापूस घातला की आवाज बंद होतो. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या छोट्या कोरड्या डबीत घालून शर्टाच्या खिशात ठेवता येतात. केबिनमध्ये डॅशबोर्डवर ठेवू नका, तिथे फार तापतं. आणि दारू सुटली तर उत्तमच, पण प्यायला म्हणून त्या दिवशीची गोळी टाळू नये. दारूने गोळी विष होत नाही. दारूमुळे गोळी विसरते, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

वाशीला माल उतरवला की तो चहा घेत असेल ना? खेप असो नसो, सकाळच्या पहिल्या चहाशी गोळी जोडून टाका. आणि फोन तुम्ही करू नका, त्याने करावा: गोळी घेतली की एक मिस्ड कॉल. बोलणं नाही, प्रश्न नाही. आलाच नाही तर दुपारी तुम्ही करा, तोही "जेवलास का" विचारायला. त्याला कळेल.

त्याच्या नकळत डबी मोजणं मात्र आजपासून बंद. मोजायचीच तर त्याच्यासमोर, त्याच्या हातांनी. पाळत आहे असं वाटलं की माणूस काय करतो, ते मी केंद्राच्या मागच्या गटारात पाहिलंय. आत मोजणी होणार म्हणून उरलेल्या गोळ्या बाहेर टाकून येणारे कितीतरी जण असत. मग कागदावर शंभर टक्के घेतल्याचं दिसतं, लोड मात्र चढलेला, आणि डॉक्टरांना वाटतं औषधच निकामी झालं. मग गरज नसताना पुढच्या टप्प्याची औषधं सुरू होण्याची वेळ येते. उरलेल्या गोळ्या केंद्रावर घेऊन जाणं यात लाज कसलीच नाही. समुपदेशकाच्या हातात खरा आकडा पडला तर तिला काहीतरी करता येतं.

लोडबद्दल घाबरलात, ते साहजिक आहे. हजाराच्या वर आला की केंद्र साधारण तीन महिने दर महिन्याला समुपदेशनाला बोलावतं आणि मग तपासणी पुन्हा करतं. त्या तीन तारखा चुकवू नका. डोल्युटेग्रॅविरला दाद न देण्याची ताकद विषाणूला जुन्या औषधांइतक्या सहज कमावता येत नाही. म्हणूनच या तीन महिन्यांत नीट घेतली तर बऱ्याच जणांचा लोड याच गोळीवर खाली येतो. आम्ही ९५ टक्के म्हणतो, म्हणजे महिन्याच्या तीसपैकी फार तर एखादी राहिली तर चालेल. तुमच्या भावाला एकोणीसवरून थेट तिथे उडी मारायची नाहीये, आधी टेम्पोच्या दिवसांचा प्रश्न सोडवायचा आहे. तो सुटला की बाकीच्या गोळ्या फारशा चुकणार नाहीत असं मला वाटतं.

मॅडम, हे पत्र मी शेजारच्या मुलीकडून लिहून घेते आहे, तिला सगळं ठाऊक आहे. माझा नातू चौदा वर्षांचा. त्याचे आईबाप तो लहान असतानाच गेले. तेव्हापासून त्याच्या गोळ्या चालू आहेत. मी त्याला सांगितलंय की तुझं रक्त कमी आहे म्हणून घ्यायच्या. आता तो घेत नाही. गोठ्यामागे टाकलेल्या मला सापडल्या. "माझं रक्त अजून भरलं नाही का? बाकीच्या पोरांना का नाही?" म्हणून भांडतो. खरं सांगितलं तर पोरगं जिवाचं काही करून घेईल अशी भीती वाटते. — एक आजी, सोलापूर जिल्हा

आजी, तुम्ही या पोराला चौदा वर्षांचा केलात. तुमच्यासारख्या कितीतरी आज्या मी केंद्राबाहेरच्या बाकड्यावर पाहिल्या आहेत. पहाटेच्या एसटीने येऊन, पदराला भाकरी बांधून, नंबर लागेपर्यंत बसलेल्या. त्यांच्यामुळेच आपल्या जिल्ह्यातली अनेक पोरं आज कामाधंद्याला लागली आहेत.

पण आता त्याला खरं सांगायची वेळ आली आहे. थोडी टळूनच गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितलं होतं की शाळकरी वयाच्या मुलांना त्यांचा आजार त्यांच्या समजुतीला झेपेल तसा सांगावा. चौदाव्या वर्षी तर मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तो केंद्रावर येतो, भिंतीवरचे फलक वाचतो. मोबाइलवर गोळीचं नाव टाकून पाहायला त्याला किती वेळ लागणार? माझ्या समोर बसलेली अशी मुलं "मला माहीत होतं, पण आजीला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही" असं म्हणायची. दोघंही एकमेकांना जपत गप्प राहतात, आणि मधल्यामध्ये गोळी गोठ्यामागे जाते.

रक्त कमी आहे म्हणून दिलेली गोळी पोराने टाकून दिली, यात त्याचं चुकत नाही. ज्या आजाराचं नाव माहीत नाही, त्याची गोळी रोज कशाला खायची?

हे एकट्याने सांगू नका. केंद्रातल्या समुपदेशक बाईंना आधी एकट्या भेटा, तुमची भीती जशी मला लिहिलीत तशी सांगा आणि पुढच्या तारखेला त्याला घेऊन जा. बहुधा एका बैठकीत सगळं होणार नाही, दोन-तीन लागतील. लहान मुलांना आम्ही सांगायचो की तुझ्या अंगात एक विषाणू झोपलाय आणि ही गोळी त्याला झोपवून ठेवते, गोळी चुकली की तो जागा होतो. चौदाच्या पोराला मात्र नाव घेऊन सांगावं लागतं. तो विचारेल, हे मला कुठून आलं? आईकडून, जन्माच्या वेळी, असं सरळ सांगायचं. आणि लगेच हेही की आईला ते ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक असूनही तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती, यात तिचा दोष नाही. तुमच्या सुनेबद्दल तुमच्या मनात काही असेल, तर ते कृपा करून त्या खोलीत आणू नका. पोराला त्याची आई हवी असते.

त्याच दिवशी त्याला आणखी काही गोष्टी कळायला हव्यात. गोळी नीट घेतली तर तो म्हातारा होईपर्यंत जगू शकतो. नोकरी करू शकतो, लग्न करू शकतो, आणि त्याची मुलं एचआयव्हीशिवाय जन्माला येऊ शकतात. पोरांच्या डोक्यात मरणाआधी लग्नाचा प्रश्न येतो, हे मी पुष्कळदा अनुभवलं आहे, फक्त विचारायला ती लाजतात.

तो चिडेल. काही दिवस बोलणार नाही, कदाचित पहिल्या आठवड्यांत जास्तच गोळ्या चुकवेल. जिवाचं काही करण्याची भाषा बोलला किंवा अगदीच गप्प झाला, तर वाट पाहू नका, लगेच केंद्रावर घेऊन या. मानसोपचाराचे डॉक्टर जिल्हा रुग्णालयात असतात. पण बहुतेक मुलं हळूहळू सावरतात, आणि सावरायला सगळ्यात जास्त मदत होते ती त्यांच्याच वयाच्या, हीच गोळी घेणाऱ्या दुसऱ्या मुलांची. एचआयव्ही असणाऱ्यांसाठीच्या काळजी व आधार केंद्रात किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेत मुलांचे मेळावे होतात का, ते बाईंना विचारा.

गोळी देण्याचं काम एकदम त्याच्यावर टाकू नका आणि कायम स्वतःकडेही ठेवू नका. डबी त्याने उघडायची, गोळी त्याने घ्यायची, तुम्ही समोर बसायचं. परीक्षेचे दिवस, शाळेची सहल, मामाकडचा मुक्काम, या वेळा आधीच बोलून ठरवा. शाळेत कुणालाही सांगण्याची सक्ती नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही आणि ही माहिती त्याच्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय कुणी पसरवू शकत नाही. आणि आजी, बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला नसेल तर शेजारच्या त्या मुलीकडून भरून घ्या. महिला व बालविकास कार्यालयात मिळतो.

मॅडम, आईपप्पा दोघांनाही आहे. दरवर्षी दिवाळीनंतर ते कोयता घेऊन कोल्हापूरकडे जातात, ते चैत्रातच परत येतात. बीडच्या केंद्रावरून एक महिन्याच्या गोळ्या नेतात, मग संपतात. औषधाला यायचं म्हटलं की खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. मी बारावीला आहे, मी काय करू शकते?

तू खूप काही करू शकतेस, बाळा, आणि तेही कारखाने सुरू व्हायच्या आत. आईपप्पांना निघण्याआधी स्वतः केंद्रावर जायला सांग, जमलं तर तूही जा. तिथे नीट शब्दांत सांगायचं: "आम्ही ऊसतोडीला अमुक तालुक्यात चाललोय, चैत्रात येऊ." ज्यांची तब्येत आणि लोड ठीक आहे त्यांना तीन महिन्यांपर्यंतची औषधं एकदम देण्याची सोय आहे. न विचारता ती दरवेळी मिळेलच असं नाही, म्हणून विचारायचं. उरलेल्या काळासाठी, जिथे कोप्या (झोपड्या) पडणार तिथून जवळचं एआरटी केंद्र किंवा त्याला जोडलेलं छोटं लिंक एआरटी केंद्र कुठे आहे ते बीडच्या केंद्रावरून लिहून घे. केंद्राने दिलेलं उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक दाखवलं की बाहेरगावच्या माणसालाही तिथे तात्पुरतं औषध मिळतं. दोघांच्या पुस्तकांचे फोटो तुझ्या मोबाइलमध्ये काढून ठेव, एआरटी नंबर दिसला पाहिजे. पुस्तक भिजलं, हरवलं तरी तू नंबर सांगू शकशील. काहीच कळेनासं झालं तर १०९७ ही फुकट हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

खाड्याचं दुःख मला समजतं. एका बाजूला उचल फेडायची असते, एका दिवसाची मजुरी गेली की फड संपेपर्यंत हिशोब लागत नाही. म्हणूनच फेऱ्या कमी करणं हाच खरा उपाय. दोघांच्या तारखा एकाच दिवशी घे, मग एकाच्या खाड्यात दोघांचं काम होईल. एक जण दुसऱ्याचं औषध घेऊन जाऊ शकतो का, तेही विचारून ठेव.

कोपीत डबी जमिनीला टेकवून ठेवू नका, ओल येते. गोळ्या मूळ डबीतच राहू द्या, आतली ओल शोषणारी छोटी पुडी काढू नका, झाकण घट्ट लावा. ऊस तोडायला पहाटे अंधारात निघतात, तेव्हा भाकरी बांधताना गोळी घेणं सोपं पडतं असं मला अनेक ऊसतोड बायकांनी सांगितलंय. आणि तू आठवड्यातून एकदा फोन केलास की एवढंच विचार: "किती दिवसांच्या उरल्यात?" दहा दिवसांच्या खाली आल्या की हालचाल सुरू करायची. बारावीचा अभ्यास मात्र सोडू नकोस, हे काम महिन्यातून एका तासाचं आहे.

थोडक्यात विचारलेलं

एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्या एकाने विचारलंय की पाळी बदलली की वेळ बदलते, मग काय करायचं? घड्याळाची एकच वेळ पाळता येत नसेल, तर तिन्ही पाळ्यांत सारखी येणारी एखादी गोष्ट शोधा. एकाने कामावरून घरी आल्यावर अंघोळ ही खूण धरली होती. गोळी विसरली आणि त्याच दिवशी उशिरा आठवली, तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर गेलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

एका गरोदर ताईंना दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या टीएलडीबरोबर चालतात का? जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालतात. उपाशीपोटी घ्यायच्या असतील तर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. ॲसिडिटीसाठीची पातळ पांढरी औषधं किंवा चघळायच्या गोळ्या, ज्यांत मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असतं, त्यांना मात्र जेवण असो नसो, हेच दोन आणि सहा तासांचं अंतर हवं. मेडिकलमधून स्वतः आणून रोज घेणारे पुष्कळ आहेत. गोळी एकही न चुकवता लोड चढलेला असेल, तर आम्ही हा प्रश्न आधी विचारायचो.

टीबीची औषधं चालू असलेल्या वाचकाला: त्यात रिफॅम्पिसिन असेल तर तुम्हाला डोल्युटेग्रॅविरची आणखी एक गोळी बारा तासांनी दिलेली असेल. संध्याकाळची ती गोळी लोक जास्तीची समजून सोडतात. ती सोडू नका. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा, मेटफॉर्मिनची मात्रा मर्यादेत ठेवावी लागते.

ताई, मला पंधरा वर्षं झाली. एकही गोळी चुकवली नाही. रिपोर्टवर कितीतरी वर्षं "टार्गेट नॉट डिटेक्टेड" येतं. बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. पण आता कंटाळलोय. इतकी वर्षं काही सापडतच नाही, तर थोडे महिने बंद करून बघू का? हे मी बायकोलाही बोललो नाही. — एक वाचक, पुणे जिल्हा

नका बंद करू. हे मी हात जोडून सांगते आहे.

रक्तात सापडत नाही याचा अर्थ विषाणू गेला असा नाही. काही पेशींच्या आत तो दडून बसलेला असतो, तिथे गोळी पोचून त्याला संपवू शकत नाही. औषध थांबलं की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच परत दिसू लागतो. तुम्हाला जे करून बघावंसं वाटतंय ते शास्त्रज्ञांनी एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं आहे. ३३ देशांतल्या ५,४७२ लोकांचा तो अभ्यास होता, निष्कर्ष २००६ मध्ये आले. पांढऱ्या पेशी चांगल्या असलेल्या निम्म्या लोकांची औषधं थांबवली आणि पेशी घसरल्यावर पुन्हा सुरू केली. अशा खंड पाडणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचं प्रमाण सलग घेणाऱ्यांच्या अडीच पटींहून जास्त निघालं. अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवावा लागला. आणखी एक: तुम्हाला हिपॅटायटिस बी असेल, तर हीच गोळी त्यालाही दाबून ठेवते. अचानक बंद केली तर यकृताला मोठा धक्का बसू शकतो.

आणि बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, यात तुमच्या पंधरा वर्षांचा वाटा आहे. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात दिसलं की एका जोडीदाराने औषध लवकर सुरू केलं तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी होतं. त्यातली काही जोडपी आपल्या पुण्यातली होती. त्यानंतरच्या अभ्यासांतून आज आपण ठामपणे सांगू शकतो की लोड सापडत नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. रोजच्या गोळीने हे घडवलं आहे.

पण तुमचा कंटाळा खरा आहे आणि त्याला "घ्या हो नीट" एवढंच उत्तर देणं मला पटत नाही. पंधरा वर्षांत तुम्ही दिवसातून दोनदाच्या गोळ्या घेतल्या असतील, त्यांचे त्रास सोसले असतील, रांगेत उभे राहिला असाल. एवढी वर्षं नियमित असणाऱ्याकडे केंद्रात कुणाचं लक्षच जात नाही. समुपदेशकाचा सगळा वेळ चुकवणाऱ्यांत जातो, "तुमचं छान चाललंय" म्हणून तुम्हाला दोन मिनिटांत बाहेर पाठवतात. मग माणूस कुणाजवळ बोलणार? तीन महिन्यांची औषधं मिळत नसतील तर मागून घ्या, फेऱ्या कमी होतील. गोळीने झोप, वजन, मूड यांत काही फरक पडलाय का ते डॉक्टरांना सांगा. कधीकधी कंटाळा म्हणतो ती उदासी असते, आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत. बायकोशी बोला. त्यांनाही इतकी वर्षं तुमच्या गोळीची वेळ ठाऊक आहे, त्यांच्याही मनात काही साठलेलं असेल.

आणि पुढच्या तारखेला केंद्रावर जाल तेव्हा मला लिहिलेलं हेच पत्र समुपदेशकाच्या हातात द्या. तोंडाने सांगायला जमलं नाही तरी चालेल, ते वाचून घेतील.